लांगऱ्याचं पदक

चंपत दुर्गेने लढाईत किती माणसं मारली हे बोरधरा गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त चंपतला. आकडा चहाच्या टपरीवर ठरला होता आणि दर पंधरा ऑगस्टला तो थोडा वाढायचा. एका वर्षी तर टपरीवाल्याने खुद्द चंपतलाच समजावून सांगितलं, की त्याने एकट्याने शत्रूची अख्खी चौकी कशी साफ केली. चंपतने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून चालता झाला. तो वळल्यावर टपरीवाला बाकीच्यांना म्हणाला, "पाहा, आठवन काढली का आजबी आंग तापते फौजीचं."

अंग तापायचं हे खरं होतं. कारण मात्र वेगळं होतं.

चंपत फौजेत लांगरी होता. स्वयंपाक्याला फौजेत लांगरी म्हणतात आणि त्याच्या स्वयंपाकघराला लंगर. बंदूक त्यालाही शिकवली होती, ती सगळ्यांनाच शिकवतात, पण त्याने ती झाडली ती चांदमारीच्या मैदानावर, आणि तिथेही त्याचा नेम पाहून उस्तादाने कपाळाला हात लावला होता. त्याची सारी नोकरी पीठ मळण्यात, डाळ घोटण्यात आणि धूर डोळ्यांत घेण्यात गेली. त्याच नोकरीबद्दल त्याला पदक मिळालं होतं, विशिष्ट सेवा पदक. पिवळ्या फितीवर तीन निळ्या रेघा आणि खाली तांब्याच्या रंगाचा गोल बिल्ला. लढाईतल्या बहादुरीसाठी हे पदक नसतं, जीव ओतून केलेल्या सेवेसाठी असतं. बहुतेक वेळा ते मोठ्या साहेबांच्या छातीवर दिसतं. लांगऱ्याच्या छातीवर ते आलं तेव्हा पलटणीतले लोक स्वतःचं लग्न असल्यासारखे नाचले होते.

बोरधरा म्हणजे आंध्र प्रदेशाच्या हद्दीतल्या वांकिडीपासून आत, नाला ओलांडून लागणारं गाव. चंपतचा बाप देवाजी हा गावच्या पटेलांकडे सालदार होता. आई लवकर गेली, म्हणून धाकट्या भावंडांना भाकरी करून घालायचं काम चंपतकडे आलं. पुढे तो चांद्याला भरतीला गेला. छाती मोजून झाल्यावर कोणीतरी विचारलं, "खाना बनाना आता है?" खोटं कशाला बोलायचं म्हणून चंपत हो म्हणाला, आणि त्या एका होकारावर त्याचं आयुष्य ठरलं.

त्याची पलटण लडाखकडे गेली. तिथल्या उंचीवर पाणी उकळतं पण पुरतं तापत नाही. डाळ दिवसभर स्टोव्हवर ठेवली तरी दाताखाली खड्यासारखी लागते. भिजत घालावी तर पाण्याचा बर्फ होतो. चंपतने पहिल्याच हिवाळ्यात यावर तोड काढली. डाळीचा डबा घट्ट बंद करून तो रात्री आपल्या झोपायच्या पिशवीत, पोटाशी धरून निजायचा. अंगाच्या उबेने डाळ भिजायची आणि सकाळी शिजायची. जवान त्या डब्याला चंपतची बायको म्हणायचे. ही गोष्ट त्याने सुट्टीत पंचफुलाला, म्हणजे खऱ्या बायकोला सांगितली, तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.

वरच्या चौकीवर पहारा देणाऱ्यांना गरम जेवण पोचवायचं म्हणजे कांबळ्यात गुंडाळलेला डबा पाठीला बांधून बर्फातून चढायचं. असंच एकदा चढताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली आणि डॉक्टरने त्यांची पेरं कापून टाकली. गावात ती पेरं अर्थातच गोळीने उडाली होती.

त्या चौकीवर उत्तरेकडचा एक हवालदार होता. कोणाच्याही हातचं खायचा नाही. आपला छोटा स्टोव्ह, आपलं पितळी पातेलं, आपल्यापुरती खिचडी. चंपत कोण, कुठला, हे त्याने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. मग एका वादळात तो तापाने फणफणला आणि चंपतने त्याला चमच्याने पेज भरवली. बरा झाल्यावर त्याने आपलं पातेलं घासून लंगरात आणून ठेवलं आणि म्हणाला, "इसमें दाल भिगोया कर." त्या दिवसापासून तो पंगतीत बसायला लागला. चंपत निवृत्त झाला तेव्हा तेच पातेलं लंगरातल्या पोरांनी त्याच्या ट्रंकेत भरून दिलं.

लंगराचा एक नियम होता. कागदावर नसलेला, उस्तादाने कान पिळून शिकवलेला. लांगरी शेवटी जेवतो. गस्तीवर गेलेला शेवटचा माणूस परत येऊन जेवला की मगच त्याने आपलं ताट घ्यायचं. एकदा एक तुकडी बर्फात वाट चुकली आणि दुसऱ्या दिवशी परतली. तोवर चंपतने स्टोव्ह विझू दिला नव्हता आणि तोंडात घासही घातला नव्हता. पदक देताना जनरल साहेबांनी विचारलं, "क्या किया तुमने?" चंपत म्हणाला, "रोटी दी, साहब." साहेब हसले आणि म्हणाले की हे सगळ्यांना जमत नाही. चंपतला वाटलं, संपलं, आता आयुष्यभर कोणाला काही समजावून सांगायला नको.

त्याला बोरधरा कळलं नव्हतं.

गावी परतल्यावर पहिल्याच झेंडावंदनाला त्याला पुढे बसवलं. सरपंच मारोतराव पटेल बोलायला उभे राहिले. हे त्याच पटेलांचे चिरंजीव, ज्यांच्याकडे चंपतचा बाप सालदार होता. माणूस दिलदार, चंपतबद्दल मनापासून अभिमान असलेला. त्यांनी पाकिस्तान, चीन, दारूगोळा, रक्ताचे पाट असं सगळं एका दमात काढलं. चंपत उभा राहून म्हणाला, "मी लढाई केली नाई. मी सयपाकी होतो." लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. केवढा नम्र माणूस, असं म्हणत त्याला दुसरा हार घातला.

पुढे दर वर्षी हेच. तो नाही म्हणायचा, लोक त्याचं नाही म्हणणंच मोठेपणा समजायचे. या चिडीला काय म्हणावं? शिवी दिली असती तर उलट देता आली असती. इथे जो तो गळ्यात हार घालून त्याचं आयुष्यच पुसत होता आणि त्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी लिहीत होता. घरी येऊन तो हार बकरीपुढे टाकायचा.

बरं, परक्यांचं सोडा. त्याचा मुलगा मोतीराम गावच्याच शाळेत मास्तर होता. शिकलेला, गावात जयभीम घालत ताठ फिरणारा. त्यानेसुद्धा शाळेतल्या भाषणात बापाच्या हातात बंदूकच दिली. चंपतने घरी त्याला विचारलं, "काऊन खोटं सांगतं बे लेकरांले?"

मोतीराम म्हणाला, "बाबा, आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या घरची कामंच केली. रांधनं, वाढनं, उष्टं काढनं. आता पोरांपुढं आपला एक लढनारा मानूस उभा राहू द्या ना. सयपाकी म्हनलं का ते काय समजतीन?"

"मंग मी कोन होतो?"

चंपत उठून चुलीपाशी गेला आणि पंचफुलाच्या हातातून पळी घेऊन भाजी ढवळू लागला. राग आला की तो हेच करायचा. पंचफुलाला याचाही राग यायचा, कारण तिच्या चुलीवर तिची सत्ता अशी उरलीच नव्हती. पण भाजी तो फार चांगली करायचा, त्यामुळे ती तोंड वाकडं करून जेवायची. नाल्याअलीकडच्या बौद्ध वस्तीत बुद्धजयंतीचं जेवण त्याच्याच हातचं असायचं. नाल्याच्या पलीकडचं गाव मात्र कधी तिकडे फिरकलं नव्हतं.

इथेच सगळी मेख होती, आणि चंपतला ती हळूहळू उमगली. माणसं मारणारा चंपत गावाला चालत होता. मारायला जात लागत नाही. पण जाट, डोगरे, मराठे, मद्रासी, सगळे ज्याच्या हातचं वर्षानुवर्षं जेवले तो चंपत मान्य करायचा, म्हणजे पुढे एक प्रश्न उभा राहत होता, की मग तुम्ही का नाही? त्या प्रश्नाला कोणी वाटच देत नव्हतं. म्हणून बंदूक.

आंध्र सरकारने तालुके फोडून लहान लहान मंडळं केली, त्याला फार दिवस झाले नव्हते. सत्त्याऐंशी सालच्या सव्वीस जानेवारीला नवे मंडळ अधिकारी बोरधऱ्याला झेंडावंदनाला येणार असं कळलं, आणि मारोतराव स्वतः चंपतच्या अंगणात आले. बसले नाहीत. ते कधीच बसत नसत, उभ्यानेच गोड बोलत.

"चंपत, साहेब येऊन राह्यले. तुया सत्कार ठेवला हाय. शाल, नारळ, समदं. वर्दी घालून येजो."

चंपत म्हणाला, "सत्कार नको, पटेल. त्या दिशी गावाचं जेवन मी रांधतो. ज्या कामाचं मले पदक भेटलं ते काम गाव एक डाव पाहू द्या. दुसरं काई मांगत नाई."

मारोतरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "रांधतो म्हंजे तू सोता?"

"मी सोता."

"अन् आमी?"

"तुमी जेवान."

मारोतराव बकरीकडे पाहत म्हणाले, "हो हो. पाहू. चांगली गोष्ट हाय. इंतजाम करू." आणि घाईने गेले.

चंपतला हे पुरेसं होतं. त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं बोलून सांगत होतो, म्हणून कळलं नाही. पंगतीत बसतील, घास तोंडात जाईल, मग कोणाला काही सांगावं लागणार नाही. त्या हवालदाराला कुठे काही सांगावं लागलं होतं?

शिधा जमू लागला तशी त्याची उमेद आणखी वाढली. घरोघरून तांदूळ आले, तुरीची डाळ आली, मळ्यांतून वांगी आली. नाल्यापलीकडच्या गयाबाईने लोण्याचा गोळा कढवून तूप पाठवलं. कोणी हात आखडला नाही. मारोतरावांनी गव्हाचं पोतं बैलगाडीत घालून पाठवलं. चंपत पंचफुलाला म्हणाला, "पाह्य. तू म्हनत होती गाव येनार नाई."

पंचफुला तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "कच्च्याले काय होते? देनं येगळं, जेवनं येगळं."

"तुले समद्यात वाकडंच दिसते."

"दिसते ते सांगून राह्यली."

तो चिडून बाहेर गेला आणि हवालदाराच्या पातेल्यात डाळ भिजत घालू लागला. इतकी डाळ त्या पातेल्यात मावणारच नव्हती. बाकीची मोठ्या गंजात घातली, पण पहिली मूठ पातेल्यातच पडली पाहिजे असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

सव्वीस तारखेला उजाडायच्या आधीच शाळेच्या पटांगणाच्या कडेला चुली पेटल्या. वस्तीतली चार माणसं हाताखाली होती आणि चंपत त्यांच्यावर असा ओरडत होता जणू पलटणच कूच करणार आहे. इथे डाळ कशी झटकन शिजते याचं त्याला मधूनच हसू येत होतं. वरण झालं, भात झाला, आलू-वांग्याची भाजी झाली. गयाबाईच्या तुपात शिरा परतला तेव्हा वास थेट पटेलांच्या ओसरीपर्यंत गेला असणार. पुऱ्या तो साहेब आल्यावरच तळणार होता, कारण गार पुरी वाढणं त्याला पाप वाटायचं. वर्दी त्याने घातलीच नाही. पांढरा बंडी-पायजमा, कमरेपासून बांधलेला एप्रन, आणि बंडीवर पिवळ्या-निळ्या फितीचं पदक.

झेंडावंदन झालं. साहेब तेलुगू बोलणारे, तरुण, घाईत असलेले. मोतीरामने भाषण केलं. बापाला बर्फात उभं केलं आणि ठरल्याप्रमाणे हातात बंदूक दिली. चंपत कढईपाशी उभा राहून ऐकत होता. झारा हातात असल्यामुळे त्याला टाळ्या वाजवाव्या लागल्या नाहीत. मारोतरावांनी शाल घातली. मग चंपतने स्वतःच पुढे येऊन हात जोडले आणि सांगितलं, की जेवण तयार आहे, बसून घ्या.

पळसाच्या पत्रावळी मांडलेल्या होत्या. वस्तीतले लोक बसले. शाळेची लेकरं बसली, कारण त्यांना मास्तरांनी ओळीने बसवलं होतं. साहेबांनी उभ्याउभ्याच दोन पुऱ्या भाजीबरोबर खाल्ल्या, "बागुंदी, चाला बागुंदी," म्हणजे फार छान झालंय, असं म्हणाले आणि जीपमध्ये बसून पुढच्या गावच्या झेंड्याला गेले. बाकीचं गाव शाळेच्या भिंतीशी उभं होतं.

"बसा ना," चंपत म्हणाला.

मारोतराव घसा खाकरून म्हणाले, "आज सोमवार हाय ना चंपत. माहा उपास असते."

"माहाबी सोमवार," शेजारचा म्हणाला. मग त्याच्या शेजारचा. श्रावण नाही, शिवरात्र नाही, आणि बोरधऱ्यातले यच्चयावत बापे अन् बाया महादेवाला जागल्या. ज्या माणसाने मागच्याच सोमवारी नाल्याकाठी कोंबडं भाजून खाल्लं होतं त्यालाही आपलं व्रत आठवलं. कोणी हसलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. सगळ्यांचे चेहरे अगदी सज्जन होते. चंपतच्या हातात शिऱ्याचं भांडं होतं आणि ते कोणाच्या डोक्यात घालावं हे त्याला ठरवता येईना.

एवढ्यावर भागलं असतं तरी त्याने सोसलं असतं. पण शाळेचे दोन मास्तर मोतीरामच्या बाजूला उभे होते. त्यांचाही सोमवार निघाला. त्यांतल्या एकाने सहज विचारलं, "तुमचं काय, मोतीराम सर?" मोतीरामने एकदा पंगतीकडे पाहिलं. तिथे वस्ती आणि लेकरं, इथे गाव आणि मास्तर. तो खाली बघून पुटपुटला, "माझाही सोमवारच आहे."

बौद्धाच्या पोराचा सोमवार. चंपतने ते ऐकलं. त्याला वाटलं, कापून टाकलेली पेरं आज पुन्हा दुखायला लागली. तो गावाकडे वळून म्हणाला, "सोमवारचा उपास सांजेले सुटते. हरकत नाई. मी हाय इथंच. अन्न गरम ठेवतो."

गावाला हे अपेक्षित नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघत पांगली.

पंगत उठली, लेकरं घरी गेली, वस्तीतल्या माणसांनी भांडी घासली. पंचफुला म्हणाली, "चाला घरी. कोनी येत नाई." चंपतने नाही म्हणून मान हलवली. त्याने चुलींतली लाकडं ओढून नुसते निखारे ठेवले, वरणाच्या आणि भाजीच्या गंजांवर झाकण घालून त्यावरही निखारे पसरले. पीठ ओल्या फडक्याखाली झाकलं. आणि कढईशेजारी उकिडवा बसला. पंचफुलाने त्याच्यापुढे दोन पुऱ्या ठेवल्या. त्याने त्या परत टोपल्यात टाकल्या.

दुपारभर तो तिथेच होता. नाल्यापलीकडच्या घरांवरून धूर निघताना त्याला दिसत होता. उपासाच्या दिवशी इतक्या चुली कशाला पेटल्या, हे विचारायला त्याच्याजवळ कोणी नव्हतं. त्याच्या मनात येत होतं, की उठावं आणि सगळं नाल्यात ओतावं. पण अन्न ओतायचं हे त्याच्या हातांना येत नव्हतं. सारखं वाटत होतं, एक जण जरी आला. एकच. गयाबाई तरी येईल, तूप तिचं आहे. चिडायचं आणि वाट पाहायची, ही दोन्ही कामं एकाच वेळी करताना माणूस फार थकतो.

दिवस कलला तेव्हा मारोतराव आले. अंगावर घोंगडी, डोक्यावरून ओढून घेतलेली. कुंपणाच्या आत आले नाहीत.

"चंपत, बंद कर बा आता. गावात बरं दिसत नाई."

"उपास सोडाले आले का, पटेल?"

मारोतरावांनी मागे वळून रस्ता पाहिला. मग हळूच म्हणाले, "मले कायी नाई रे. घरचे लोक हायत, सोयरे हायत. पोरीचं लगन व्हायचं हाय. तू असं कर, डब्यात घालून दे. रस्त्यानं खाऊन घेतो. शिऱ्याचा वास सकाळपासून जीव घेऊन राह्यला."

हे ते प्रेमानेच म्हणाले. चंपतला तेच जास्त झोंबलं.

"डबा मी बर्फात देत होतो, पटेल. पहाऱ्यावरून उठता येत नव्हतं त्याइले. तुमचे पाय तं चांगले हायत. इथं पत्रावळीवर बसा, वाढतो."

"समजून घे ना."

"वांकिडीच्या हाटेलात तुमी भजे खाता. ते कोन तळते, मालूम हाय?"

"तिथं मालूम नसते," मारोतराव म्हणाले. "म्हनून चालते."

इतकं खरं ते आयुष्यात कधी बोलले नसतील. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. चंपतने पुरीसाठी तोडलेला पिठाचा गोळा पुन्हा पिठात मिसळून टाकला.

"इतक्या वर्सांत माह्या लंगरातून कोनी उपाशी गेलं नाई, पटेल," तो म्हणाला. "आज अख्खं गाव गेलं. आता पुढच्या पंधरा आगस्टले सांगा का चंपतनं कितीक मारले. मी नाई म्हननार नाई."

मारोतराव घोंगडी सावरत निघून गेले.

अंधारून यायला लागलं होतं. चंपतने बंडीवरचं पदक काढून पितळी पातेल्यात टाकलं, कारण वाकताना ते सारखं गंजाला लागत होतं. तेवढ्यात कुंपणाशी पुन्हा कोणीतरी आलं. मोतीराम होता. तो आत आला, चुलीच्या उजेडात एक पत्रावळ शोधून काढली, मधोमध पटांगणात मांडली आणि मांडी घालून बसला. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसेल अशा जागी.

"बाबा, उपास सोडाले आलो," तो म्हणाला.

चंपतने निखारे फुंकले, लाकूड सारलं, कढई ठेवली. पुरी फुगली तशी गरम गरम पानात टाकली. वरण वाढलं, भाजी वाढली, शिरा जरा जास्त वाढला. मोतीराम खाली मान घालून जेवत होता. जेवताना मधेच म्हणाला, "मी सकाळी बोललो ते चुकलं." चंपत म्हणाला, "पुरी घे." त्याचा राग गेला नव्हता. पण भुकेल्या माणसाला वाढताना राग बाजूला ठेवायचा असतो, एवढं फौजेने त्याला शिकवलं होतं.

पोटभर जेवून मोतीरामने हात धुतले आणि आपल्यासमोर दुसरी पत्रावळ मांडली. "आता तुमी बसा. मी वाढतो."

चंपतने नाल्यापलीकडे पाहिलं. घराघरात दिवे लागले होते. जेवणं आटोपून भांडी घासल्याचे आवाज येत होते. त्याने गंजावरचं झाकण एकदा उचललं, वरण अजून गरम आहे हे पाहिलं आणि पुन्हा ठेवलं.

"लांगरी शेवटी जेवते," तो म्हणाला. "अजून मानसं यायची हायत."

मोतीराम त्याच्याजवळ बसून राहिला. रस्त्याने कोणी आलं नाही. सगळ्या बोरधऱ्यात त्या सोमवारचा उपास एकट्या चंपतला घडला.